सीबीटीसाठी मानसशास्त्रज्ञ कसा निवडावा आणि विचारांची नोंद कशी करावी

सीबीटी, म्हणजे बोधात्मक वर्तन उपचारपद्धती (विचार आणि वागणूक तपासून, बदलून त्रास कमी करण्याची पद्धत), करतो असे सांगणारे पुष्कळ आहेत. ती खरोखर चालू आहे की नुसत्या गप्पा, हे तीन-चार भेटींत ओळखता येते. त्यासाठी काय पाहायचे हे आधी माहीत हवे.

पहिल्यांदा शिक्षण विचारा. संकोच करू नका, हा प्रश्न रास्त आहे. नुसते मानसशास्त्रातले एम.ए. पुरेसे नसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने मान्यताप्राप्त संस्थेतून, देखरेखीखाली रुग्ण तपासत, सहसा दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. केलेले असते. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. समुपदेशकाकडे ही नोंदणी नसू शकते. नाते, करिअर, रोजचा ताण अशा बाबतीत त्याची चांगली मदत होते, पण तीव्र नैराश्य किंवा मंत्रचळ (ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणे) त्याच्यावर सोपवू नये. औषधे लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. आत्महत्येचे विचार येत असतील तर निवडीत वेळ घालवू नका. लगेच डॉक्टरांकडे जा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ वर फोन करा. ही मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

नंतर विचारा, सीबीटीचे वेगळे प्रशिक्षण कुठे घेतले आणि कोणाच्या देखरेखीखाली काम केले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी ही पद्धत १९६०च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नैराश्याच्या रुग्णांबरोबर काम करताना घडवली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत त्याआधीची, १९५५ची. ती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. दोन्ही पद्धती जवळच्या आहेत, पण बेकप्रणीत काम विचाराला पुरावा काय यावर जास्त भर देते, तर एलिसप्रणीत काम "असे झालेच पाहिजे" या हट्टावर. आपल्याकडे कोणती वापरली जाईल, हे तज्ज्ञाला दोन वाक्यांत सांगता यायला हवे.

भेट साधारण ४५ ते ५० मिनिटांची असते. सुरुवातीला आठवडा कसा गेला याची चौकशी होते, अनेकदा पीएचक्यू-९ सारखी, नैराश्य किती आहे हे मोजणारी प्रश्नावली भरून घेतात. पीएचक्यू-९ चे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. मग आज काय हाताळायचे ते दोघांनी मिळून ठरवायचे, मागचा गृहपाठ पाहायचा, काम करायचे आणि नवा गृहपाठ घ्यायचा. चार भेटी झाल्या तरी ना उद्दिष्ट ठरले ना गृहपाठ, तर ते सीबीटी नाही. अंदाजे १२ ते २० भेटी लागतात. "वर्षानुवर्षे यावे लागेल" असे पहिल्याच दिवशी ऐकू आले, तर कारण विचारा.

गृहपाठाचा गाभा म्हणजे विचारांची नोंद, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. वहीत आडवे पान धरून सात रकाने आखा: प्रसंग, भावना (तीव्रता ० ते १००), मनात आलेला विचार (त्यावरचा विश्वास ० ते १००), बाजूचे पुरावे, विरुद्ध पुरावे, समतोल विचार, आताची भावना.

समजा, साहेबांनी अहवाल "पुन्हा बघा" म्हणून परत पाठवला. भावना: भीती, ८०. विचार: "आता माझी नोकरी जाणार", विश्वास ९०. बाजूने: दोन आकडे खरोखर चुकले होते. विरुद्ध: मागचे तीन अहवाल न बदलता मंजूर झाले, आणि शेजारच्या टेबलावरचा अहवालही परत आला होता. समतोल विचार: "आकडे दुरुस्त करून द्यायचे, नोकरी जाण्याची खूण अजून एकही नाही." भीती ४५.

८० वरून ४५ आली, म्हणजे नोंद चांगली झाली. शून्याची वाट पाहणारे निराश होऊन वही मिटतात. विचाराच्या रकान्यात "असे माझ्याच बाबतीत का?" असा प्रश्न लिहू नका. प्रश्नाला पुरावा शोधता येत नाही, त्याचे विधान करा: "मी नालायक आहे." समतोल विचाराच्या जागी "सगळे छान होईल" लिहिले तर मन ते मानत नाही, कारण त्याला आधार नसतो. नोंद शक्य तितक्या लवकर करा. रात्री आठवून लिहिली तर दिवसाचा सारांश उरतो, नेमका विचार हरवलेला असतो.

नैराश्य फार खोल असेल तर सात रकाने जड जातात. अशा वेळी जाणकार तज्ज्ञ विचारांना हात न लावता आधी तासवार कामांचे वेळापत्रक देतो: अंघोळ, दहा मिनिटे फेरी, एक फोन. प्रत्येकापुढे समाधान आणि जमल्याची भावना, दोन्हींना ० ते १० गुण लिहायचे.

बरे वाटू लागले की भेटी एकदम थांबवू नका. पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, असे अंतर वाढवत न्या. शेवटच्या भेटीत त्रास परतण्याच्या आपल्या खुणा, प्रत्येक खुणेला काय करायचे आणि कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून घ्या आणि त्याची एक प्रत घरातल्या विश्वासू माणसाला द्या.