ऑटिस्टिक मुलासाठी घरात अभ्यासाचा शांत कोपरा कसा करावा

सगळ्यात आधी आठवडाभर काहीही विकत आणू नका. एक वही घ्या. मूल कानावर हात कधी ठेवतं, कुठून उठून पळतं, कशाला बिलगतं, ते वेळेसकट लिहून ठेवा. एकच मूल आवाजाला घाबरणारं आणि घट्ट मिठी मागणारं असू शकतं, म्हणून दुसऱ्याच्या घरची यादी आपल्याला लागू पडेलच असं नाही.

नाशिकला सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात या वहीनेच सांगितलं, की मुलाची चिडचिड अभ्यासाची नव्हती, डोक्यावरच्या ट्यूबलाइटची होती. जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि बारीक गुणगुणतेही. आपल्या ते ध्यानातही येत नाही. काही ऑटिस्टिक मुलांना सहन होत नाही. आम्ही पिवळसर एलईडी दिवा भिंतीकडे तोंड करून लावला. स्वस्त एलईडीही लुकलुकतात, म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहा. पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा नको.

आता जागा. स्वयंपाकघर, दार आणि रस्त्याकडची खिडकी यांपासून लांबचा कोपरा निवडा. समोरची भिंत कोरी ठेवा. तक्ते, कॅलेंडर, चमचमणाऱ्या पताका, सगळं काढा. उघड्या फडताळाला साधा एकरंगी पडदा लावा. खुर्चीत बसल्यावर पाय लोंबत असतील तर खाली पाट ठेवा. पाय टेकले की अंग स्थिर होतं.

आवाज पूर्ण बंद होत नाही. खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा, एवढ्याने घुमणं कमी होतं. नाशिक ढोलाचं आपल्याला कितीही कौतुक असो, गणपतीआधी पथकांचा सराव सुरू झाला की या मुलांची परीक्षा असते. तेव्हा कान झाकणारे इअरमफ हाताशी असू द्या, मात्र दिवसभर घालू नका; कानाला शांततेचीच सवय झाली तर साधे आवाजही जास्त बोचू लागतात.

दाब आवडणाऱ्या मुलाच्या मांडीवर घडी घातलेली गोधडी ठेवून पाहा. ती त्याला स्वतःला बाजूला करता आली पाहिजे, तोंडावर कधीच नको. वजनाचं जॅकेट किंवा ब्लँकेट ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मुलाला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, विचारल्याशिवाय घेऊ नका.

अभ्यासासाठी दोन टोपल्या पुरतात. डावीकडे करायचं काम, उजवीकडे झालेलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात विकसित झालेल्या ‘टीच’ पद्धतीतली ही मांडणी. किती काम उरलंय हे मुलाला डोळ्यांनी दिसतं, आणि ‘अजून थोडंच’ असं दहादा सांगावं लागत नाही.

टेबलाखाली जुन्या साडीचा पडदा सोडून लपायला जागा करा. दमलं की मूल आपणहून तिथे जाईल. ती शिक्षेची जागा नाही. ‘जा कोपऱ्यात’ हे शब्द घरातल्या कुणीही, रागाच्या भरातही, उच्चारू नयेत.

हे सगळं एका रविवारी उरकू नका. आठवड्याला एकच बदल करा, तोही मुलाला आधी दाखवून. आमच्याकडे कुकरचा फोटो चिकटवलेलं कार्ड आहे. शिट्टी व्हायच्या आधी आजी ते त्याच्यासमोर धरते, तो कान झाकतो, शिट्टी होते, आणि तो पुन्हा पेन्सिल उचलतो.