घरच्या घरी तोम यम कुंग

तोम यम कुंग म्हणजे कोळंबीचं आंबट-तिखट थाई सूप. कोळंबी पुण्यात गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून सकाळीच आणा, चौघांसाठी अर्धा किलो, आणि डोक्यासकट. सोलून मागचा काळा दोरा काढा, पण डोकी आणि सालं अजिबात टाकू नका. या सूपचा सगळा जीव त्यांच्यात आहे. चमचाभर तेलात ती परता. डोकी उलथन्याने दाबली की नारिंगी तेल सुटतं आणि घरभर वास पसरतो. मग लिटरभर पाणी घालून वीस मिनिटं उकळा, गाळून घ्या.

मंडईत गवती चहा मागितला की पातीच हातात देतात. आपल्याला खालचा पांढरट दांडा हवा, तो मागून घ्या. तीन दांडे बत्त्याने ठेचा. गलांगल (आल्यासारखा दिसणारा थाई कंद) आणि माकरूट लिंबाची पानं परदेशी भाज्यांच्या गाळ्यावर मिळतात. गलांगलऐवजी आलं घालू नये असं माझं ठाम मत आहे. चव पार वेगळी होते. गलांगलच्या पाच-सहा चकत्या, तितकीच पानं हाताने फाडून आणि ठेचलेले दांडे त्या गाळलेल्या पाण्यात दहा मिनिटं उकळा.

आता अळिंबी, ठेचलेल्या सहा लवंगी मिरच्या, दोन चमचे थाई मिरचीची पेस्ट, तीन चमचे फिश सॉस. कोळंबी शेवटी घाला. दोन मिनिटांत गुलाबी होऊन वळते, की गॅस बंद. जास्त शिजली तर रबर होते.

लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, उकळीत कडवट होतं. अडीच-तीन लिंबं लागतील. मीठ चाखूनच घाला, फिश सॉस खारट असतो. वरून कोथिंबीर, सोबत गरम भात.