चोक ओढला की चालते, सोडला की बंद

ताम्हिणीतून कोकणात उतरायचं ठरलं आणि आमच्या जुन्या १०० सीसी गाडीची नाटकं सुरू झाली, चोक (हवा कमी करून पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) ओढला की मस्त चालते, सोडला की आयडलला, म्हणजे रेस न देता, फटफट करून बंद. सगळे म्हणाले प्लग बदल, पण चोकवरच चालते म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि आयडलचं पेट्रोल येतं पायलट जेटमधून (कार्बोरेटरमधली बारीक भोकाची पितळी नळी), म्हणून आधी तिकडेच वळलो. कार्बोरेटरचा (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) ड्रेन स्क्रू ढिला करून पेट्रोल काचेच्या बरणीत घेतलं तर तळाशी पाण्याचे थेंब गोट्यांसारखे वेगळे फिरतायत, सोबत टाकीतला तांबूस गंज. बाऊल (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) खोलून जेट उजेडात धरलं, भोक दिसेचना! त्यात तार अजिबात घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी पेट्रोल प्यायला लागते. कार्ब क्लीनर मारला, पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली. पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या नळाची) जाळी पण धुतली, नाहीतर परत तेच रडगाणं. मग एअर स्क्रू (आयडलची हवा कमी-जास्त करणारा) हलक्या हाताने पूर्ण आत आणि दीड-दोन फेरे बाहेर, बाकी इंजिन गरम झाल्यावर आवाज ऐकून जुळवलं. आता हाफ किकला स्टार्ट. हां, बाऊलची ओ-रिंग (रबरी गोल सील) खोलल्यावर फुगते, खाचेत बसतच नाही, नवीन आधीच आणून ठेवा.