मालगोदाम जुनं कसं करायचं

नाशिकरोडला गच्चीवरच्या खोलीत मी रेल्वेच्या मालगोदामाचं १:८७ मापाचं, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं, मॉडेल जोडतो. प्लास्टिकचे भाग फ्रेममधून कटरनं सोडवा, कडा घासा, साबणाच्या पाण्यानं धुवा; नाहीतर रंग धरत नाही. भिंती गुण्यात, म्हणजे काटकोनात, चिकटवा.

खरं काम पुढे. काळ्या-तपकिरी ॲक्रिलिकचा एक थेंब, वीसेक थेंब पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी किंचित अंश. ब्रश वरून खालीच ओढा, कारण पावसाचे ओघळ तसेच उतरतात. इगतपुरीला पावसाळ्यात जुन्या दगडी भिंती बघून याच: पन्हळीखाली काळं, जोत्याशी हिरवट शेवाळ. पत्र्याच्या कडांना गंजासाठी खडूची विटकरी पूड लावा. मग मॅट वार्निश. त्यानं पूड फिकी पडते, म्हणून पुडीचा दुसरा हात लागतोच. खिडक्यांच्या काचा शेवटी, नाहीतर वार्निशनं धुरकटतात.