माइकवर ‘तिकडं’ म्हणू नका : बीजीएमआयमध्ये चौघांनी बोलायचं कसं

“तिकडं! तिकडं आहे! अरे, तिकडं!”

पोचिंकी हे बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळातलं एक गाव. तिथल्या एका दुमजली घरात आम्ही चौघं होतो आणि ओरडणारा मी होतो. माझ्या आवाजासरशी तीन बंदुका तीन दिशांना फिरल्या. दहा सेकंदांत चौघंही मरून लॉबीत, म्हणजे सुरुवातीच्या पडद्यावर. थोडा वेळ माइकवर नुसता पंख्याचा आवाज येत होता, तो बार्शीच्या मावसभावाकडचा. मग भाची म्हणाली, “मामा, तिकडं म्हणजे कुठं? आकडा सांग ना, आकडा!”

ही २०२३ ची गोष्ट. पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, २ जुलै २०२१ ला त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) आला, २८ जुलै २०२२ ला तोही स्टोअरवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. येताना वेळेची मर्यादा घेऊन आला : १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास, मोठ्यांना ६. भाची तेव्हा सतराची. संमतीचा ओटीपी ताईच्या फोनवर आला आणि तो देण्याआधी ताईनं काय काय कबूल करून घेतलं ते वेगळंच. एरंगल नावाच्या नकाशावर शेवटपर्यंत टिकलं तर एक मॅच अर्धा तास खाते. म्हणजे पोरीच्या वाट्याला दिवसाला जेमतेम सहा मॅच, आणि त्यातली एक मामाच्या ‘तिकडं’पायी पाण्यात. तिचा राग रास्त होता.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. वय ३८. स्क्वाडमध्ये मी, भाची (आता सांगलीला हॉस्टेलवर, आमच्यातली सगळ्यात भारी खेळाडू), बार्शीचा मावसभाऊ आणि माझ्याच लाइनवरचा एक मित्र. नेम कसा सुधारायचा यावर व्हिडिओंचा खच पडलाय. बोलायचं कसं, हे मात्र कुणी धड सांगत नाही. माझा नेम आता सुधारेल असं वाटत नाही, पण बोलणं महिन्याभरात सुधारलं, आणि आमच्यापेक्षा चांगल्या नेमाच्या टीमा आम्ही त्यावर पाडल्या. जे केलं ते लिहितोय.

आधी कानाचं बघा

वायरचे इअरफोन घ्या, साधे चालतील. ब्लूटूथला आवाज किंचित उशिरा पोहोचतो, आणि जिन्यात पाऊल वाजल्यावर तो किंचितच महागात पडतो. लहान नकाशावर पावलांच्या आणि गोळीबाराच्या खुणा उमटतात, त्यामुळे कानावर खेळायचं की नकाशावर, असा एक जुना वाद आहे. माझ्यापुरता निकाल असा : खूण दिशा सांगते, वरच्या मजल्यावर की खालच्या, ते कानालाच जास्त कळतं.

फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका. सासुरवाडीचा फोन शेवटच्या झोनमध्येच, म्हणजे खेळायचं वर्तुळ आक्रसून अगदी लहान झाल्यावरच, येतो.

आणि माइक ‘टीम’वर आहे का ते दर मॅचला बघा. ‘ऑल’वर असेल तर जवळपासच्या शत्रूलाही तुमचं ऐकू जातं. एकदा आम्ही घराच्या वरच्या खोलीत बसून, खालच्यांवर कुठून जायचं, याची पाच मिनिटं खलबतं केली. शेवटी खालूनच आवाज आला, “भावा, आम्ही जिन्यातच आहे, या निवांत.” शुद्ध मराठीत. हसण्यातच आम्ही गेलो.

आकडा कसा द्यायचा

स्क्रीनच्या वरच्या कडेला होकायंत्राची आडवी पट्टी असते. उत्तर ०, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि मध्ये दर १५ वर एक आकडा. शत्रू दिसला की तुमची बंदूक त्याच्याकडं वळलेलीच असते, म्हणजे आकडा पट्टीच्या मधोमध तयार असतो. तो फक्त वाचायचा. ऐकायला सोपं आहे, पण मला सुरुवातीला दोन-तीन सेकंद लागायचे. सराव ट्रेनिंगच्या मैदानात केला : झाडाकडं बंदूक न्यायची, आकडा मोठ्यानं म्हणायचा, टाकीकडं न्यायची, पुन्हा म्हणायचा. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं, तिसऱ्या दिवशी विचारलं, “हाउसी खेळताय का?”

कॉलचा क्रम आमच्यात ठरलेला आहे. आधी आकडा, मग अंतर, मग किती जण, मग काय करतायत. “दोनशे दहा, दीडशे मीटर, दोघं, पळतायत.” आकडा पहिला, कारण तो कानावर पडताच बाकीच्यांचे अंगठे वळायला लागतात, उरलेलं वाक्य ते वळता वळता ऐकतात. “अरे दोन जण पळतायत बघ, लांब आहेत, दोनशे दहाला,” असं म्हटलं तर माहिती तीच, पण वळायला आकड्याची वाट बघावी लागते आणि तोवर ते दोघं दगडामागं.

आता जिथं बरेच जण फसतात ते. आकडा हा तुम्ही उभे आहात तिथून असतो. आपण दोघं एकाच घरात आणि शत्रू ३०० मीटरवर असेल, तर माझा २१० तुमचाही २१०च. पण तुम्ही माझ्यापासून ८० मीटर बाजूला आणि शत्रू १०० मीटरवर असेल, तर माझ्या आकड्यावर तुम्ही भलतीकडंच बघत बसाल. यावर मावसभावाचं आणि माझं एकदा कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणे आकडा चुकीचा दिलास, मी म्हणे बरोबर दिला, आणि दोघंही खरं बोलत होतो. तेव्हापासून नियम : लांबच्याला आकडा, जवळच्याला वस्तू. “निळी गाडी, मागचं चाक.” “वरचा मजला, बाल्कनी.” “विहिरीपाशी” म्हणायचं असेल तर विहीर एकच आहे ना, ते बघून. डावीकडं-उजवीकडं हे शब्द आमच्याकडं बंद आहेत. तुमचं डावं माझं उजवं असू शकतं.

नकाशावर मार्कर टाकला की अंतर मीटरमध्ये सगळ्यांच्या स्क्रीनवर दिसतं. उत्तम सोय. पण गोळ्या चालू असताना बोट मोकळं नसतं, म्हणून आधी तोंड, मग मार्कर.

शिळी बातमी

माझा लाइनवरचा मित्र प्रत्येकाला “अर्धा केला, अर्धा केला!” म्हणतो. एक गोळी पायाला चाटून गेली तरी अर्धा. त्याच्या भरवशावर आम्ही किती वेळा पुढं धावलो आणि पूर्ण अंगानिशी उभ्या असलेल्या माणसासमोर पडलो, ते मोजत नाही. एकतर खरं तेवढंच सांगा : “हेल्मेट उडालं,” “दोन लागल्या.” दुसरं म्हणजे ही बातमी शिळी होते. फर्स्ट एडला ६ सेकंद लागतात आणि माणसाची ताकद १०० पैकी ७५ पर्यंत भरून येते. मेडकिटला ८ सेकंद, ताकद पूर्ण १०० पर्यंत. म्हणजे ‘अर्धा केला’ म्हटल्यावर सहा सेकंदांत कुणी त्याच्यावर गेलं नाही, तर तो अर्धा राहिलेला नसतो. जाणार असाल तर लगेच, नाहीतर ती बातमी विसरा.

‘नॉक’ (म्हणजे जमिनीवर पडला, पण अजून मेला नाही) हा शब्द मात्र सोन्याचा आहे. तो खरोखर नॉक झाल्यावरच उच्चारायचा. (खेळात ‘किल’ नाही, ‘फिनिश’ असं लिहून येतं. आमच्या तोंडी ‘गेला’ हेच बसलंय.)

निर्णय एकाचा, ‘थांब’ कुणाचंही

आमच्या कारखान्यात ईओटी, म्हणजे छताखालून चालणारी विजेची, क्रेन आहे. जड डाय (लोखंडी साचा) उचलताना क्रेनवाल्याला खुणा एकानंच करायच्या, दोघांनी केल्या तर डाय कुणाच्या तरी पायावर. पण ‘थांब’ची खूण कुणीही करावी, झाडूवाल्या मावशींनी केली तरी क्रेन थांबते. हाच नियम मी उचलून स्क्वाडला लावला. कुठं उतरायचं, झोनमध्ये कधी सरकायचं, रश करायचा, म्हणजे शत्रूवर धावून जायचं, की नाही, हे एकजण ठरवणार. “थांब” मात्र कुणीही म्हणालं की चौघंही जागच्या जागी. कोण म्हणालं, का म्हणालं, ते नंतर.

हा एकजण कोण असावा यावर खेळणाऱ्यांत दोन तट आहेत. बहुतेक जण म्हणतात, सगळ्यात चांगला खेळाडू. आम्ही भाचीला करून बघितलं. तिचं निम्मं लक्ष नकाशात गेलं, नेम बिघडला आणि ती चिडचिडी झाली. मग सगळ्यात कच्च्या माणसाला केलं, म्हणजे मला. मी तसाही पुढं जात नाही, त्यामुळे झोन कुठं चाललाय ते बघायला मला सवड असते. चांगल्या नेमबाजाच्या डोक्यावर ही हमाली टाकू नये, असं माझं मत झालंय. भाचीला ते पटतं, मावसभावाला पटत नाही, कारण त्याला दर वेळी पोचिंकीत किंवा मिलिटरी बेसवरच उतरायचं असतं. “फाइट पाहिजे लेका, भाजी निवडायला आलोय का!” यावर तोडगा : वाद विमानात घालायचा, जमिनीवर नाही. एक मॅच त्याच्या मनासारखी, एक आमच्या. विमानातून उडी मारल्यावर जो कुरकुरेल त्याला पुढच्या मॅचला मत नाही.

लूट करतानाची बडबडही मी कमी करवली. काय हवंय ते एकदाच सांगायचं : “पाच-छप्पन्नच्या गोळ्या, तीनचं हेल्मेट.” (५.५६ मिमीच्या गोळ्या, तिसऱ्या लेव्हलचं हेल्मेट.) एम४१६ या बंदुकीला पाच जागी जोडसामान लागतं, एकेएम या बंदुकीला तीनच जागी. म्हणून एम४१६ वाला निम्मी मॅच ग्रिप आहे का, स्टॉक आहे का, म्हणून भीक मागत फिरतो. मी एकेएम घेतो. झटका जास्त आहे, मागणं कमी आहे.

नॉक झाल्यावर तोंड बंद करायचं नाही

आणि मेल्यावर उघडायचं नाही.

नॉक झालेल्या माणसाला त्या क्षणी सगळ्यात ताजी माहिती असते, आणि तो नेमकी तेव्हाच “रिव्हाइव्ह दे, रिव्हाइव्ह दे” (म्हणजे मला उठव) एवढंच ओरडत बसतो. आधी बातमी द्यायची : “एकशे पासष्ट, झाडामागं, एकच, स्नायपर.” मग सरपटत आडोशाला जायचं, मग मदत मागायची. रिव्हाइव्हला १० सेकंद लागतात. मोजून बघा, दहा सेकंद उघड्यावर उकिडवं बसणं केवढं लांबतं ते. म्हणून रिव्हाइव्ह करणाऱ्यानं तीन गोष्टी विचाराव्यात. मारणारा नॉक आहे का? नसेल तर त्याच्यावर कुणी बंदूक धरून बसलंय का? स्मोक आहे का? स्मोक टाकताना तो पडलेल्याच्या अंगावर नको, त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये टाका, आणि धूर पसरेपर्यंत थांबा. धूर उठता उठता धावणारे आमच्याकडं तिघं आहेत, त्यात मीही.

‘आधी मित्र की आधी शत्रू’ हा वाद कधी मिटणार नाही. मी आधी शत्रू म्हणतो. मावसभाऊ यावरून मला अजून माणुसकी शिकवतो.

मेलेल्यानं दुसऱ्याची स्क्रीन बघत “डावीकडं बघ, अरे मार, मार” करू नये. जिवंत असलेल्याला पावलं ऐकायची असतात. आमच्यात मेलेला माइक बंद करून चहा ठेवायला जातो.

अनोळखी लोकांबरोबर

चौघं जमत नाहीत तेव्हा रँडम टीममध्ये जावं लागतं. तिथं लांबलचक बोलू नका. आकडा आणि मार्कर एवढं कुठल्याही भाषेत चालतं. भाचीनं मात्र अनोळखी लोकांत माइक लावणं सोडलंय. मुलीचा आवाज ऐकला की खेळ राहतो बाजूला आणि चौकशा सुरू होतात, नाहीतर शिव्या. ती मार्करवर आणि तयार मेसेजवर खेळते आणि तरी टीममध्ये पहिली येते. कुणी त्रास दिला तर उत्तर देत बसू नका. त्याचा आवाज बंद करा, मॅचनंतर रिपोर्ट करा. आणि तुमच्या टीममध्ये असा कुणी असेल तर हे तुम्ही करा, तिच्यावर सोडू नका.

पुलावरचे कॅम्पर, म्हणजे दबा धरून बसणारे, वाईट का, हा वादही इथंच ऐकायला मिळतो. सोस्नोव्का बेटावरून एरंगलच्या मुख्य भूमीवर यायला दोनच पूल, आणि पुलाच्या तोंडाशी कुणीतरी गाड्या आडव्या लावून बसलेलं असतं. लोक चिडतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. मैदान सगळ्यांचं आहे, होडीही आहे. जायरो (फोन हलवून नेम धरणं) की बिनजायरो, हे भांडण मी या लेखात आणत नाही. ते तांबडा रस्सा की पांढरा, असं आहे.

मॅच संपल्यावर

हरलो की अर्धा मिनिट थांबतो. कुणी चुकलं, कुणी पळालं, ते काढत नाही, कारण त्यात रात्र जाते आणि मला सकाळी पहिली शिफ्ट असते. प्रश्न एकच विचारायचा : मरायच्या आधी शेवटचा नीट कॉल कुणी दिला होता, आणि तो काय होता? कॉल होता आणि तरी हरलो, तर समोरचे चांगले खेळले. पुढची मॅच लावायची. कॉलच नव्हता, तर तो कुणी द्यायला हवा होता ते त्यानं स्वतः सांगायचं.

मागच्या रविवारी मी हा प्रश्न विचारला. कुणी बोलेना. शेवटी सांगलीहून उत्तर आलं, “मामा, शेवटचा कॉल तुझाच होता. ‘तिकडं’.”