खाऱ्या पाण्यात वर येणारा जर्कबेट : माझा अनुभव

गोड्या पाण्यातील बास माशासाठी प्रामुख्याने वापरला जाणारा जर्कबेट, म्हणजे झटके देत ओढायचे माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष, गोव्यात चोणकासाठीही (बारामुंडी मासा) उत्तम चालतो. मात्र त्याचे सारे मर्म झटक्यांनंतरच्या थांब्यात आहे. दोरी सैल सोडली की आमिष पाण्यात जागच्या जागी अधांतरी राहिले पाहिजे.

पावसाळ्यानंतर मांडवीत नीट थांबणारे माझे आमिष एप्रिलमध्ये मानशीच्या (खाजण शेतांच्या बांधातील पाणी सोडण्याच्या दाराच्या) तोंडाशी टाकले, की थांबताच हळूहळू वर येऊ लागे. आमिषात दोष नव्हता. उन्हाळ्यात समुद्राचे पाणी नदीत आतपर्यंत शिरते आणि ते गोड्या पाण्याहून सुमारे २.५ टक्के जड असल्याने १४ ग्रॅमच्या आमिषाला जवळजवळ ०.३५ ग्रॅम वजन कमी पडते.

मी पुढच्या तीनकाटी गळाच्या दांड्यावर शिशाची बारीक तार गुंडाळली आणि काठावरच, नदीच्या पाण्याने भरलेल्या बादलीत, आमिष नाक किंचित खाली करून स्थिर राहीपर्यंत तारेचा एकेक वेढा सोडवत गेलो. वजन पुढेच हवे. मागे बांधल्यास शेपटी खाली जाऊन चाल बिघडते. नळाच्या पाण्यात ही चाचणी मुळीच करू नये. आता ओहोटीला मानशीतून पाणी सुटते तिथे मी निवांत पाच-सहा सेकंद थांबतो, आणि चोणक लागतो तो बहुधा त्या थांब्यातच.