गेज आणि ऑक्टोपस लोंबकळत होते, शेवटी असं जमलं

प्रॉब्लेम असा की स्कूबा डाइव्हमध्ये पाण्यात आडवं झालं की प्रेशर गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा) खाली लटकायचा, तळाला घासायचा, आणि ऑक्टोपस (श्वास घ्यायचा जादा रेग्युलेटर, गरजेला जोडीदाराला द्यायचा) क्लिपमधून निसटून मागे कुठेतरी, एकदा तर माउथपीसमध्ये चिमूटभर वाळू निघाली. वैताग आला होता नुसता.

आधी वेल्क्रो लावला, वाळू भरून दोन डाइव्हमध्ये ढिला. रिट्रॅक्टर (दोरी आपोआप आत ओढून घेणारी क्लिप) घेतला, तो मिठाने जाम. ऑक्टोपस बीसीडीच्या (हवा भरायच्या डाइव्ह जॅकेटच्या) खिशात कोंबला, हा तर मूर्खपणाच, गरजेला एका हाताने निघतच नाही.

मग हे केलं. गेजचा होज (नळी) डाव्या हाताखालून आणला. गेजजवळ, होजचं धातूचं टोक असतं तिथे, छोटा बोल्ट स्नॅप (सरकत्या खिट्टीचा हुक) नायलॉनच्या दोरीने बांधला, चार-पाच घट्ट वेढे, गाठ, टोकं लायटरने वितळवली. झिप टाय नको, आणि धातूला धातू थेट अडकवू नका, अडकलं तर कापता यायला हवं म्हणून दोरी. स्नॅप डाव्या कमरेच्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला). होजचा जास्तीचा फुगारा अंगालगत बीसीडीच्या बंजीखाली (इलॅस्टिक दोरीखाली) सरकवला, पण तीक्ष्ण वळण देऊ नका.

ऑक्टोपसचा होज उजव्या हाताखालून, आणि तो छातीवर, हनुवटी आणि खालच्या बरगड्यांच्या मधे, सिलिकॉन होल्डरमध्ये. माउथपीस खाली, नाहीतर उडी मारताना फ्री फ्लो होतो, म्हणजे हवा आपोआप भसाभस सुटते.

टेस्ट जमिनीवरच, पूर्ण किट घालून, डोळे मिटून: ऑक्टोपस एका झटक्यात निघाला पाहिजे पण उड्या मारल्या तरी पडता कामा नये. माझा होल्डर आधी फारच घट्ट होता, बदलला. आता बडीलाही (डाइव्हच्या जोडीदारालाही) दाखवून ठेवतो कुठे आहे ते.